जर्मन ग्राहकाने फुकट पाठवलेलं कास्टिंग कस्टम्समध्ये अडकलंय, ड्युटी भरायची का?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. आमचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, शेजारच्या फाउंड्रीतून घेतो, मशीनिंग आमच्याकडे होतं. जर्मनीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीशी बरेच महिने मेलवर बोलणं चालू होतं. रेट द्यायच्या आधी वस्तू हातात घेऊन बघा म्हणून त्यांनी पंप केसिंगचे दोन नग पाठवले, एक रफ आणि एक मशीन केलेला. पैसे घेतले नाहीत, परतही मागितलेले नाहीत. इनव्हॉइसवर 'फ्री सॅम्पल, नो कमर्शियल व्हॅल्यू' असं लिहून खाली किंमत टाकली १ युरो.

खोकं मुंबईला उतरलं आणि तिथंच बसलं. कुरिअरवाल्यांनी आधी आयईसी (आयात-निर्यातदाराचा कोड), मग केवायसी, मग जीएसटी सर्टिफिकेट मागितलं. सगळं दिलं. आता किमतीचा पुरावा मागतायत. १८ किलोचं बीड (ओतीव लोखंड) १ युरोला कसं, अशी क्वेरी पडली आहे. फोनवर विचारलं की दर वेळी नवीन माणूस, आणि प्रत्येक जण पहिल्यापासून ट्रॅकिंग नंबर विचारतो.

जी वस्तू मी विकत घेतलेली नाही, विकणारही नाही, जिच्यावरून फक्त मापं घ्यायची आहेत, तिच्यावर ड्युटी कशी? आणि नमुन्यांना माफी असते असं ऐकलंय, ती नेमकी कुणाला? जाणकारांनी सांगावं. तिकडे ग्राहक रोज विचारतोय.

गंपू_सदाशिवपेठी

फुकट मालाला कसली ड्युटी! त्यांना सांगा नवीन इनव्हॉइस पाठवा आणि त्यावर 'गिफ्ट' लिहा. आमच्या मेहुण्याचं असंच सुटलं होतं.

सहारकर

गंपूशेठ, मेहुण्याचं कधी सुटलं ते विचारून घ्या. डिसेंबर २०१९ पासून परदेशातून पोस्टाने वा कुरिअरने भेटवस्तू आयात करायला बंदी आहे, राख्या आणि जीव वाचवणारी औषधं सोडून. शिवाय पंपाचं केसिंग कंपनीच्या नावावर 'गिफ्ट' म्हणून आलं तर ऑफिसर हसेल आणि मग माल जप्तीचं कलम १११ काढेल. हा सल्ला कृपया कुणी घेऊ नये.

आता धाग्याकडे. मी सहारला, मुंबई विमानतळाच्या कार्गोला, कस्टम्स ब्रोकरकडे काम करतो (लोक अजून सीएचए, कस्टम हाउस एजंट, म्हणतात), केस याच कामात पांढरे झाले. शिरोलीकर, तुमच्या दोन प्रश्नांची गल्लत होतेय, ती आधी सोडवू.

पहिला प्रश्न किमतीचा. ड्युटी तुम्ही पैसे दिलेत का यावर लागत नाही. माल देशात आला आणि त्याला काही मोल आहे, एवढं पुरतं. कस्टम्स कायदा १९६२, कलम १४ म्हणतं की व्यवहाराची किंमत धरा. तुमच्याकडे विक्रीच नाही, म्हणजे व्यवहाराची किंमतच नाही. मग २००७ चे मूल्यनिर्धारण नियम लागतात: असाच माल कुणी आणला असेल तर त्याचा भाव, नाहीतर तत्सम मालाचा, नाहीतर पुढच्या पद्धती. 'नो कमर्शियल व्हॅल्यू' ही ओळ परदेशी लोक सवयीने टाकतात. आपल्याकडे तिचा उपयोग शून्य, उलट नियम १२ खाली किमतीवर संशय घ्यायला ऑफिसरला आयतं कारण मिळतं. १ युरो लिहिलं की क्वेरी पडणारच. तुम्ही ऑफिसर असता तर तुम्हीही पाडली असती.

उपाय सोपा आहे. ग्राहकाकडून त्यांच्या लेटरहेडवर दोन ओळी घ्या: हे नमुने विनामूल्य आहेत, आणि दोन्हींची मिळून खरी किंमत अमुक युरो. त्यांना तो नग सध्याच्या पुरवठादाराकडून जेवढ्याला पडतो, साधारण तेवढी. जमलं तर जुन्या पर्चेस ऑर्डरचं एक पान, दुसऱ्याची नावं झाकून.

दुसरा प्रश्न माफीचा. माफी आहे, मुळात अधिसूचना १५४/९४ मधली, जुलै १९९४ ची. पण माल फुकट आला हे तिचं कारण नाही. फुकट येणं ही फक्त एक अट. मुख्य अट अशी की नमुना निर्यातीची ऑर्डर मिळवायला किंवा पुरी करायला हवा. इंजिनिअरिंग मालाच्या प्रोटोटाइपचा त्यात वेगळा उल्लेख आहे. तुमची केस पुस्तकातल्यासारखी बसते. १२ महिन्यांत एकूण ३ लाख रुपयांची मर्यादा आहे, २०१० च्या बजेटात ती १ लाखावरून वाढवली. नगांच्या संख्येवरही मर्यादा आहे, शिवाय महागड्या प्रोटोटाइपला ठरावीक मुदतीत परत पाठवायची हमी किंवा तो निकामी करणं, असल्या अटी आहेत. अधिसूचना सुधारणांसकट वाचा, मूळ १९९४ ची प्रत डाउनलोड करून भांडायला जाऊ नका. असे खूप येतात.

अवंती_कर्वेनगर

काका, मग माझं काय? मी सिलिकॉनची भांडी, झाऱ्या, साचे असं विकते. चीनमधल्या यिवूच्या बाजारातून दर वेळी दहा-बारा वस्तूंचे एकेक नमुने मागवते, बघते, मग त्यातल्या दोनाची ऑर्डर देते. पुरवठादार सॅम्पलचे पैसे घेत नाही, फक्त कुरिअर माझ्याकडे. ही माफी मला मिळेल का?

सहारकर

नाही ताई. तुम्ही इथे विकायला आणताय, निर्यात नाही. तुम्हाला पूर्ण ड्युटी, नमुना असला तरी. हा फरक लोकांच्या गळी उतरत नाही आणि मग कुरिअरवाल्याला शिव्या बसतात.

आणि सुटकेसमधून आणायचा विचार असेल तर (तुम्ही लिहिलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असतो): बॅगेजची सूट वैयक्तिक वापराच्या सामानाला असते. एकाच साच्याचे पाच रंग काढले की ऑफिसरला कळतं. रेड चॅनलला जा, सांगा, भरा.

अवंती_कर्वेनगर

पाच रंगच असतात हो माझ्याकडे. 😄 बरं, म्हणजे ड्युटी धरूनच हिशोब करायचा.

लेजरवाली

सीए आहे, म्हणून थोडं वेगळं बोलते. ड्युटी ड्युटी करताना त्यातलं खरं खिशातून किती जातं हे कुणी बघत नाही. शिरोलीकरांचंच उदाहरण घेऊ, आकडे सोयीचे धरते. दोन नगांची किंमत ६० युरो, हवाई भाडं १९० युरो, १ युरो म्हणजे १०० रुपये. (प्रत्यक्षात कस्टम्सने जाहीर केलेला दर लागतो, गुगलचा नाही.)

बहुतेक जण ६० अधिक १९० करून २५,००० वर ड्युटी काढतात आणि घाबरतात. पण विमानाने आलेल्या मालाचं भाडं एफओबीच्या (भाडं-विमा सोडून मालाची किंमत) २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही, हे मूल्यनिर्धारण नियमांतच आहे. म्हणजे भाडं धरायचं फक्त १२ युरो. विम्याचा आकडा माहीत नसेल तर एफओबीच्या १.१२५ टक्के. झाले साधारण ७,२६८ रुपये. जड, स्वस्त कास्टिंगला या नियमाने किती फरक पडतो बघा!

बेसिक ड्युटी समजा ७.५ टक्के: ५४५ रुपये. त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार: ५५. या सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी): १,४१६. एकूण २,०१६. यातला आयजीएसटी तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो, म्हणजे पुढे भरायच्या जीएसटीतून वजा होतो. उरले ६०० रुपये.

६०० रुपयांसाठी माफीचं भांडण करायचं की माल सोडवून कोटेशन द्यायचं, ते तुम्ही ठरवा. कुरिअरची 'अ‍ॅडव्हान्समेंट फी', 'स्टोरेज', 'हँडलिंग' यांचं बिल त्याहून मोठं येतं.

लेजरवाली

क्रेडिटबद्दल राहिलं. दोन सापळे. एक, कुरिअर कंपनी पुष्कळदा बिल ऑफ एंट्रीत (कस्टम्सला द्यायचा आयातीचा कागद) जीएसटीआयएन, म्हणजे तुमचा जीएसटी नंबर, टाकतच नाही, किंवा मालकाच्या पॅनवर व्यक्ती म्हणून फाइल करते. मग जीएसटी पोर्टलवरच्या २बी या क्रेडिटच्या तक्त्यात एंट्री दिसत नाही आणि क्रेडिट लटकतं. फाइल होण्याआधी लेखी सांगा. नंतर कलम १४९ खाली दुरुस्ती करून घेणं म्हणजे वर्षश्राद्धापर्यंत फेऱ्या.

दोन, अवंतीताईंसारख्या व्यवसायात आणलेले नमुने पुढे दुकानदारांना फुकट वाटले, तर जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(ह) आडवं येतं. फुकट नमुना वा भेट म्हणून दिलेल्या मालावर क्रेडिट नाही. स्वतः तपासायला ठेवलात तर प्रश्न नाही.

गंपू_सदाशिवपेठी

म्हणजे सरकार एका हाताने घेणार आणि दुसऱ्या हाताने परत देणार, मध्ये पोर्टल बंद.

राईनकाठ

मी ड्युसेलडॉर्फजवळ असतो, पाठवणाऱ्याच्या बाजूला. इथल्या लोकांचं १ युरोचं प्रकरण मी रोज बघतो. त्यात चोरीचा हेतू नसतो. युरोपीय संघात क्षुल्लक किमतीच्या नमुन्यांना ड्युटीमाफी आहे (नियम ११८६/२००९). तिथे नमुना फाडून, भोक पाडून किंवा न पुसणारी खूण करून विक्रीला निकामी करायला सांगू शकतात, आणि मग निर्यात विक्रीचा काहीही संबंध नसतो. त्यामुळे इथल्या डिस्पॅचच्या माणसाला वाटतं, नमुना म्हणजे सगळीकडे तसंच. त्याला भारतात किंमत महत्त्वाची आहे हे सांगावं लागतं, तेही खोकं निघायच्या आधी.

आमच्याकडून पाठवताना मी पाच गोष्टी बघतो: खरी किंमत आणि शेजारी 'फक्त कस्टम्ससाठी किंमत, मोबदला नाही', भारतातल्या कंपनीचं आयईसीवर आहे तसंच नाव, एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा आकडा), मालाचं वर्णन धातूसकट ('पार्ट्स' एवढं लिहिलं की मेलं), आणि आरएफक्यूचा, म्हणजे कोटेशन मागणाऱ्या पत्राचा, नंबर. शेवटचा आकडा जर्मन लोकांना आवडतो, त्यांना नंबर नसलेला कागद सहनच होत नाही.

शिरोलीकर

@राईनकाठ, आरएफक्यू नंबरचं पटलं. आमच्या मेलमध्ये तो आहे, ड्रॉइंग नंबरही आहे. @लेजरवाली, हिशोब बघून डोकं शांत झालं. खरंच ६०० च?

लेजरवाली

एचएस कोडप्रमाणे बेसिक दर बदलेल, थोडं इकडेतिकडे. पण बोलायचं तर हो. आणि पुढचे नमुने मोठे, महागडे असतील तेव्हा माफीचा मार्ग लावा.

नाशिकचा_जुगाडी

मध्येच घुसतो. शेन्झेनहून ब्लूटूथ इअरफोनचे सहा मॉडेल मागवायचे आहेत, एकेक नग. ड्युटी भरायची तयारी आहे. मग अडचण नाही ना?

सहारकर

तुमची अडचण ड्युटीची नाहीच. ब्लूटूथ म्हणजे रेडिओ, तिथे डब्ल्यूपीसी या दूरसंचार खात्याच्या शाखेची ईटीए (उपकरणाची मंजुरी) लागते, ती सरल संचार पोर्टलवर. वायरलेस इअरफोन बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) सक्तीच्या नोंदणीतही येतो. नोंदणी नसलेला माल एक नग असला तरी अडतो. संशोधन, चाचणी, प्रात्यक्षिकासाठी मोजके नग आणायची सूट मिळते, पण आधी अर्ज करून पत्र घ्यावं लागतं. माल विमानतळावर आल्यावर 'हे तर सॅम्पल आहे' म्हणून चालत नाही. बॅटरी असल्याने विमानाचे नियम वेगळेच.

तेच इतरत्र. खेळण्यांना २०२१ पासून बीआयएस. खाद्यपदार्थाला एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण). रोपं-बियाण्यांना प्लांट क्वारंटाइन. परकीय व्यापार धोरणाच्या पुस्तकात मजेशीर तरतूद आहे: नियंत्रित मालाचे खरेखुरे नमुने परवान्याशिवाय आणता येतात, अपवाद फक्त भाजीपाल्याचं बियाणं, मधमाश्या आणि नवी औषधं. चहाचा नमुना चहाच्या धंद्यातल्या माणसाला २,००० रुपयांपर्यंत. मधमाश्यांचा नमुना कोण मागवतं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि परवान्याची सूट म्हणजे ड्युटीची सूट नव्हे, तेवढं लक्षात ठेवा.

नाशिकचा_जुगाडी

ऑर्डर थांबवतो. आभारी आहे.

अवंती_कर्वेनगर

गोरेगावच्या प्रदर्शनात तर परदेशी कंपन्या ढीगभर माल मांडतात, ते सगळे ड्युटी भरतात का?

सहारकर

बहुतेक एटीए कार्नेवर आणतात. मालाचा पासपोर्ट म्हणा. भारतात त्याची हमी फिक्की ही उद्योगसंघटना घेते. पण आलेला नग न् नग मोजून परत जायला हवा. वाटायचे नमुने, खाऊन संपणारा माल, पत्रकं, हे त्यात बसत नाही. प्रदर्शन संपल्यावर स्टॉलवरचं मशीन कुणी विकत घेतलं, की मग ड्युटीचा कागद सुरू होतो, आणि तो विकण्याआधी सुरू व्हायला हवा होता.

दुसरी एक वाट फारच कमी लोक वापरतात. ड्युटी भरून नमुना आणला, न वापरता तसाच दोन वर्षांच्या आत परत निर्यात केला, तर कलम ७४ खाली भरलेल्या ड्युटीच्या ९८ टक्के परत मिळतात. अट एवढीच की हाच तो नग हे ओळखता यायला हवं, म्हणजे येताना सीरियल नंबर किंवा खूण बिल ऑफ एंट्रीत नोंदलेली हवी. महाग मशीनचा नमुना असेल तर उपयोगी. ६० युरोच्या केसिंगसाठी पोस्टाचा खर्चसुद्धा निघणार नाही.

गंपू_सदाशिवपेठी

ऑफिसरने मनाला येईल ती किंमत लावली तर? गप्प भरायचं?

सहारकर

चांगला प्रश्न, गंपूशेठ, आज पहिल्यांदाच. मान्य नसेल तर लेखी कळवायचं. मग कलम १७(५) प्रमाणे त्याला १५ दिवसांत कारणांसकट आदेश द्यावा लागतो. त्यावर ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागायची. पण कुरिअर कंपनीला सांगायला लागतं की 'आम्ही मान्य केलेलं नाही', कारण ती बिनबोभाट 'मान्य' कळवून माल सोडवते आणि तुम्हाला बिल पाठवते. माल वारंवार यायचा असेल तर आगाऊ निर्णयाची सोय आहे, मुंबईत २०२१ पासून त्याचं प्राधिकरण बसतं. वर्गवारीचा वाद असेल तर ते बरं.

शिरोलीकर

अपडेट देतो. ग्राहकाने पत्र पाठवलं, दोन्ही नगांची मिळून किंमत ६४ युरो, सही-शिक्क्यासकट. सोबत आरएफक्यूची मेल आणि ड्रॉइंग जोडलं. कुरिअरवाल्यांना माफीचं विचारलं तर उत्तर आलं की त्यांचा नमुन्यांचा फॉर्म (सीबीई-१२) भरायची वेळ गेली, ड्युटीवाल्या फॉर्मवर आधीच टाकलंय, बदलायचं तर पुन्हा सगळं. म्हणून ड्युटी भरली. भाडं २० टक्क्यांवर आणायला मात्र दोनदा मेल करावी लागली, पहिल्यांदा त्यांनी पूर्ण भाडं धरलं होतं! जीएसटीआयएन टाकून घेतला. ओओसी (माल सोडायचा कस्टम्सचा हुकूम) पडली, माल काल कोल्हापूरला पोचला.

बिलात ड्युटी एका ओळीत आणि कुरिअरच्या स्वतःच्या फिया चार ओळींत. त्या चार ओळींची बेरीज ड्युटीच्या वर गेली.

मशीन केलेला नग सीएमएमवर (अचूक मापं घेणारं मशीन) लावला. सीलिंग फेसला जी फ्लॅटनेस ड्रॉइंगवर मागितली आहे, त्यांच्या स्वतःच्या नगावर ती निघत नाहीये. हे कोटेशनच्या मेलमध्ये लिहावं का, यावर आमच्याकडे दोन तट पडलेत.

राईनकाठ

लिहा. फोटो आणि रिपोर्टसकट लिहा. सांभाळून लिहिण्यापेक्षा आकडे टाका, त्यांना तेच कळतं.

सहारकर

पुढचा नमुना यायचा असेल तर निघायच्या आधी मला किंवा कुठल्याही ब्रोकरला इनव्हॉइसचा मसुदा दाखवा. नमुन्यांची माफी लावायचीच असेल तर बिल ऑफ एंट्री पहिल्यापासून तशी जायला हवी, कुरिअरच्या सरधोपट गठ्ठ्यात नाही. आणि नगावर 'सॅम्पल' असं दिसेल असं मार्किंग हवं. ग्राहकाला सांगा पेंट मार्करने लिहा, तेही रफ बाजूला.

शिरोलीकर

ते सांगावं लागेलच. या वेळी त्यांनी मशीन केलेल्या फेसवरच पंच मारलाय, आणि फ्लॅटनेस तिथंच जातेय की काय अशी आता शंका येतेय. पंचाची जागा सोडून उद्या परत मोजतो.